पाचवी फुली

आवाज बंदुकीच्या बारासारखा झाला. होलमत उस्तांच्या हातातलं ड्रिल अजून फिरतच होतं, पण त्याच्याखाली काच उरली नव्हती. पालथ्या घातलेल्या टाकीचा अख्खा तळ एका निमिषात खडीसाखरेच्या खड्यांएवढा बारीक होऊन खालच्या गोधड्यांवर कोसळला होता. भोकाभोवती घातलेलं ओल्या मातीचं कडं आणि त्यात भरलेलं वाटीभर पाणीही त्याच्याबरोबर गेलं. चारही भिंती मात्र जशाच्या तशा उभ्या होत्या, छप्पर उडालेल्या घरासारख्या.

अंगणात आठ-नऊ माणसं होती. कुणी हललं नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली कपडे धुण्याच्या मोठ्या टबात अकरा सोनमासे तात्पुरते ठेवले होते, तेवढे दचकून एका कडेला गोळा झाले.

घरचा मुलगा निझोम पुढे झाला. त्याने भिंतीतली पिन ओढली तेव्हा ड्रिल थांबलं. "उस्ता, लागलं का कुठे?"

उस्तांनी हात उलटसुलट करून पाहिले. खरचटलंसुद्धा नव्हतं. "नाही," ते म्हणाले. तो आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"जाऊ दे, जाऊ दे," निझोमची आई शरोफत ओपा उंबऱ्यातून म्हणाली. "इडापिडा गेली म्हणायची. काच फुटली, माणूस नाही ना फुटला."

"माणूस फुटला असता तर झाडायला तरी सोपं गेलं असतं, ओपा," तिचा भाऊ तोशपुलात म्हणाला. एरवी त्याच्या बोलण्यावर सगळे हसत. आज कुणी हसलं नाही. निझोमची बायको सय्योरा, तीन महिन्यांपूर्वीच लग्न होऊन आलेली, झाडू घेऊन धावत आली होती; तीही झाडू हातात धरून तशीच उभी राहिली.

उस्ता खाली वाकले. लोकांना वाटलं, ते काचा गोळा करणार. पण त्यांनी काचांना हात लावला नाही. ते टाकीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेले, मग तिसऱ्या, मग चौथ्या. प्रत्येक काचेवर त्यांनी बोट फिरवलं, मान तिरकी करून उजेडात पाहिलं. काच लख्ख होती. मग ते टबाशी गेले आणि पाण्यात बराच वेळ पाहत राहिले. पाणी स्वच्छ होतं. तळाशी काहीच नव्हतं.

त्यांचा चेहरा टाकी फुटली तेव्हा उतरला नव्हता, तो आता उतरला.

"मी नवा तळ बसवून देतो," ते निझोमला म्हणाले. हत्यारांची पेटी त्यांनी बंद केली. तिच्या कड्या लागल्या आहेत का, हे त्यांनी दोनदा पाहिलं आणि फाटकापाशी गेल्यावर पुन्हा एकदा.

कोकंद शहराच्या त्या भागात माशांच्या टाकीला भोक पाडायचं म्हटलं की होलमत उस्तांचंच, त्या जुन्या कारागिराचंच, नाव निघे. वरच्या टाकीतलं पाणी नळीने खालच्या पेटीत उतरवायचं, तिथे गाळून परत वर चढवायचं, यासाठी तळाला भोक लागतं. ऐकायला सोपं आहे. काचेच्या टाकीला स्वतःच्या हाताने भोक पाडून, मग तिच्यात तीनशे लिटर पाणी भरून, ती आपल्या बैठकीत गालिच्यावर ठेवणं ज्याला जमतं त्याला ते सोपं वाटावं. बाकीचे उस्तांना बोलावत.

वयाच्या अठराव्या वर्षी ते पाक नावाच्या एका कोरियन म्हाताऱ्याच्या हाताखाली लागले. तेव्हा हिऱ्याचा मुलामा दिलेली पोकळ ड्रिलं नव्हती. तांब्याची नळी, कुरुंदाच्या दगडाची बारीक पूड आणि टर्पेंटाइन, एवढ्यावर काम. एक भोक पडायला दुपार जायची. पाक फार बोलत नसे. काच दाबायची नाही, घासू द्यायची. पाणी कमी पडू द्यायचं नाही. शेवटच्या कागदाएवढ्या जाडीला श्वास रोखायचा. आणि लक्षात ठेवण्यापेक्षा लिहून ठेवायचं. एवढं त्याने शिकवलं आणि एक दिवस मुलीकडे ताश्कंदला निघून गेला.

पुढे बाजारात कडक केलेली काच आली. ती भट्टीत तापवून एकदम गार केलेली असते. हातोडीचा घाव सोसेल, पण भोक सोसणार नाही. पोटाला जरा धक्का लागला की सगळीच्या सगळी एका दमात सुटते. दिसायला ती साध्या काचेसारखीच. टाकी बनवणारे कधी फक्त तळ कडक काचेचा लावतात आणि भिंती साध्या ठेवतात. म्हणून पाचही काचा वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. उस्तांच्या भाच्याने त्यांना गाडी चालवताना घालायचा काळा चष्मा आणून दिला होता. काचेच्या पलीकडे मोबाइलचा पांढरा पडदा धरायचा, अलीकडून तो चष्मा लावून पाहायचं. काच कडक असली तर तिच्यावर बिबट्याच्या अंगावरचे असतात तसे काळपट ठिपके दिसतात. साधी असली तर काही दिसत नाही. साधी निघाली की उस्ता तिच्यावर खडूने फुली मारत. पाच काचा, पाच फुल्या. फुली नसेल त्या काचेला ड्रिल लागत नसे. भोकातून निघालेली काचेची चकती ते घरी आणत. त्यांची बायको आयदिन त्या चकत्या मुरंब्याच्या लहान बरण्यांवर झाकण म्हणून ठेवी. घरात इतक्या बरण्या नव्हत्या जितक्या चकत्या होत्या.

अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांच्या हातून काचेला तडे गेले होते, नाही असं नाही. साधी काच चुकली की तडकते, सुरीसारखे लांब तुकडे निघतात. पण आज निझोमच्या अंगणात दाणे पडले होते. ते पाहताक्षणीच उस्तांना कळलं होतं की हात चुकला नाही, काच कडक होती आणि ती तपासायची राहिली. यात धक्का होता, पण तो कारागिराचा धक्का. माणूस त्यातून उठतो.

खरा धक्का नंतरचा होता. काचा तपासल्याचं त्यांना लख्ख आठवत होतं. समोरच्या भिंतीवर फुली मारली तेही आठवत होतं. पुढची फुली मारताना खडू तुटला, तुकडा टबात पडला, एका माशाने तो तोंडात घेतला आणि थुंकला, हेसुद्धा. ते स्वतःशी हसले होते. आणि आता भिंतींवर एकही फुली नव्हती. टबात खडू नव्हता.

म्हणजे जे झालंच नाही ते त्यांना आठवत होतं.

आयदिनने दार उघडलं आणि त्यांच्याकडे पाहून विचारलं, "हात थरथरला का?"

गेलं वर्षभर उस्तांचा उजवा हात अधूनमधून थरथरत असे. चहाचा पियाला धरताना जास्त, ड्रिल धरताना नाही. आयदिनला वाटे, आता पुरे. ते म्हणत, हात थांबेल तेव्हा मी थांबेन.

"हात नाही," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

हात असता तर बरं झालं असतं. त्यांचा थोरला भाऊ एर्गाश शाळेत कवायत शिकवायचा, दणकट माणूस. त्याचंही असंच सुरू झालं होतं. दार लावलं म्हणायचा. दार सताड उघडं असायचं. जेवलो म्हणायचा, काय जेवलो तेसुद्धा सांगायचा, कांदा जरा करपला होता असं बजावून; आणि हंडी न उघडलेली असायची. सगळे हसायचे. मग एके दिवशी तो नान आणायला म्हणून गेला आणि दोन दिवसांनी रिश्तानच्या बस थांब्यावर सापडला. शेवटच्या वर्षी तो होलमतला 'साहेब' म्हणायचा आणि खुर्ची द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ता अंगणात आले आणि म्हणाले, "आयदिन, मी चहा घेतला का?"

"दोन पियाले. का, कमी पडला?"

"नाही. विचारलं."

तासाभराने आयदिन कोंबड्यांना दाणे टाकून आली तर स्वयंपाकघराच्या दारावर खडूच्या फुल्या. एक चहाची, एक बागेचं पाणी सोडल्याची, एक गोळी घेतल्याची.

"हे काय चाललंय? दाराला भोक पाडायचंय का?"

"राहू दे. पुसू नकोस."

"कशाच्या फुल्या आहेत या?"

"मी काय काय केलं त्याच्या."

आयदिन काही बोलणार होती. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि एर्गाशचं नाव दोघांच्याही ओठांवर येऊन थांबलं. ती आत गेली. त्या दिवशी तिने त्यांना दिवसभर एक टोमणासुद्धा मारला नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. न बोललेला असा हा पहिलाच दिवस असेल. उस्तांना ते त्या फुटलेल्या काचेपेक्षा जास्त लागलं.

ते गल्लीतल्या दुकानांची नावं मनात ओळीने म्हणत. पाकच्या तीन मुलींची नावं. पहिल्या टाकीचं माप. सगळं आठवे. मग मनात येई, एर्गाशलाही सगळं आठवायचंच. फक्त ते खरं नसायचं. दुपारी त्यांनी हत्यारांची पेटी भाच्याला द्यायची म्हणून बाहेर काढून ठेवली. निझोमला नवा तळ भाचाच बसवून देईल. त्याला काम येत नव्हतं, पण त्याचं डोकं त्याच्या ताब्यात होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. सय्योरा होती. डोक्याला रुमाल, हातात फडक्याने झाकलेलं ताट. नव्या सुनेने करायचा तो सलाम तिने छातीवर हात ठेवून, तीनदा वाकून केला. ताटातून भोपळ्याच्या समोशांचा वास येत होता.

"ये, बस," आयदिन म्हणाली. "ओपांनी पाठवलंय?"

"हो." ती बसली नाही. "उस्तांशी बोलायचंय. ओयी म्हणाल्या, बोलल्याशिवाय परत येऊ नकोस."

सासूने काय निरोप दिला असेल हे उस्तांनी मनात ओळखलं होतं. टाकीचं काय, एवढंच. ते म्हणाले, "पोरी, निझोमला सांग, भाचा येईल. तळ बसवून देईल. मी आता..."

सय्योराने रुमालाच्या टोकाची गाठ सोडली आणि हात पुढे केला. तळहातावर खडूचा तुकडा होता. करंगळीच्या पेराएवढा, एका बाजूने तुटलेला, भिजून वाळलेला.

उस्तांनी तो उचलून हातात घेतला.

"टबात होता," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की आयदिन जवळ सरकली. "तुम्ही चहाला बसलात तेव्हा मी माशांचं पाणी बदललं. पाहुणा आलाय आणि पाणी गढूळ, बरं दिसत नाही, असं ओयी म्हणाल्या. तेव्हा हा सापडला. मी ओच्यात टाकला."

"आणि फुल्या?" उस्तांनी विचारलं.

"त्या मी पुसल्या. मला वाटलं, पोरांनी काढल्यात. ओयी म्हणाल्या, उस्ता हात धुऊन येतील आणि टाकी अशी रेघोट्या मारलेली, आपल्या घराची लाज. मी ओल्या फडक्याने पुसल्या, मग कोरड्या. कुणी सांगितलंच नव्हतं त्या कशाला असतात ते."

"किती होत्या?"

"चार."

"मोजल्यास?"

"दोन लांब काचांवर, दोन आखूड काचांवर. तळावर नव्हती. तळसुद्धा पुसला मी, पण त्यावर काही नव्हतं." ती थांबली. "एक पाय लांब होता फुलीचा."

उस्तांची फुली तशीच असे. आयदिन दाराकडे पाहू लागली. दारावरच्या प्रत्येक फुलीचा एक पाय लांब होता.

उस्ता खाली बसले, आधार न शोधता, जिथे होते तिथेच. सकाळ त्यांच्यासमोर तुकड्यातुकड्याने उभी राहिली आणि आता प्रत्येक तुकडा दुसऱ्याला लागत होता. चौथी फुली मारली होती. चष्मा डोळ्यांवर होता. तेवढ्यात शरोफत ओपांची हाक आली, "उस्ता, नान मोडलाय!" नान मोडल्यावर यजमानाला ताटकळत ठेवत नाहीत. काम अर्ध्यावर असो, छपरावर असो, उतरून यायचं आणि घास घ्यायचा. ते उठले होते. मग पुलाव, मग द्राक्षं, मग तोशपुलातचं ते बोलणं, "उस्ता, पियाला नाचतोय तुमचा, गाणं लावू का?" सगळे हसले, तेही हसले. तासाभराने परत आले तर मदतीला आलेल्या पोरांनी टाकी पालथी घालून ठेवली होती, मातीचं कडंही थापून तयार. आणि त्यांनी बघितलं ते फक्त आपल्या हाताकडे. थरथरतोय का, एवढंच. हात दगडासारखा स्थिर होता. त्या आनंदात तळावर फुली आहे की नाही हे पाहायचं राहून गेलं.

"परवाच का नाही सांगितलंस?" आयदिन जरा तीक्ष्णपणे म्हणाली. "तीन दिवस हा माणूस..."

सय्योराच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला कळलंच नव्हतं. काल निझोम अका म्हणाले, उस्ता काचेवर फुल्या शोधत होते, काही समजलं नाही. तेव्हा मला कळलं. रात्रभर भीती वाटली. सकाळी ओयींना सांगितलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"आधी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, पुस म्हणून सांगितलं मीच, आणि म्हाताऱ्याला घरी पाठवलं तोंड पाडून. समोसे कर आणि जा. मी म्हटलं, तुम्ही चला. तर म्हणाल्या, मी कोणत्या तोंडाने जाऊ, तुझं तोंड नवीन आहे, तू जा."

आयदिनला हसू आलं. शरोफत ओपाने तिच्या आठवणीत कधी कुणाची माफी मागितली नव्हती. समोसे पाठवणं हीच तिची हद्द.

उस्ता हसले नाहीत. ते खडूचा तुकडा बोटांत फिरवत होते. "पाचवी नव्हतीच," ते हळूच म्हणाले. "ते मी बघायला हवं होतं. ती चूक माझी." पण ते हे असं म्हणाले जसं कुणी हरवलेली किल्ली सापडल्यावर म्हणेल. मग त्यांनी मान वर केली. "मासा थुंकला होता तो," ते सय्योराला म्हणाले. "खडू. तोंडात घेतला आणि थुंकला."

"असेल, उस्ता. ते काहीही थुंकतात. परवा भात टाकला तर तोही थुंकले."

"कुठला मासा?"

"पांढऱ्या शेपटीचा असेल. तोच हावरा आहे."

"पांढऱ्या शेपटीचाच," उस्ता म्हणाले. आणि मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आयदिनने सय्योराला खांद्याला धरून आत नेलं आणि समोसे कसे झालेत हे मोठमोठ्याने बोलत राहिली.

पेटी भाच्याकडे गेली नाही. उस्तांनी ब्लेडने टाकीच्या कडा खरवडून जुने दाणे काढले, साध्या जाड काचेचा नवा तळ सिलिकॉनने बसवला आणि आठवडाभर कुणाला हात लावू दिला नाही. तोवर त्या घरात धुणं तुंबलं, कारण टबात मासे होते. तोशपुलात म्हणाला, "सोनमाशांपायी मी तोच सदरा नऊ दिवस घालतोय. मलाच आता टाकीत सोडा."

भोक पाडायच्या दिवशी उस्ता आले तेव्हा शरोफत ओपाने जेवणाचा दस्तरखान अंथरला होता. हातात गरम नान होता. मोडायला तिने अंगठे लावलेच होते.

"मोडू नका," उस्ता म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. असं कुणी म्हणत नाही. पाहुण्याने यजमानाचा नान अडवायचा म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखं. शरोफत ओपाचे अंगठे नानवर तसेच राहिले.

"पाच होईपर्यंत," उस्ता म्हणाले.

तिला ते कळायला एक क्षण लागला. मग तिने नान छातीशी धरला आणि अंगणात येऊन उभी राहिली. सय्योराने पलीकडून मोबाइलचा पडदा धरला. उस्तांनी चष्मा लावला. पहिली. दुसरी. तिसरी. सिलिकॉन ताजं होतं तिथे ते जास्त वेळ थांबले. चौथी. नान निवत होता. तळाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, चारही कोपरे पाहिले. ठिपके नव्हते. त्यांनी फुली मारली, एक पाय लांब.

"आता मोडा," ते म्हणाले.

चहानंतर भोक पडलं. मातीच्या कड्यात पाणी दुधासारखं पांढरं झालं, शेवटी ड्रिल एकदम हलकं झालं आणि चकती खालच्या चिकटपट्टीवर अलगद बसली. हात थरथरला की नाही हे उस्तांनी पाहिलंही नाही. भोकात त्यांनी प्लास्टिकचा जोड घातला, रबरी वायसर पाण्याच्या बाजूने, तळ आणि जोडाची कड यांच्या मध्ये. निझोम पान्हा घेऊन आला. "पान्हा नको," ते म्हणाले. "हाताने जेवढं आवळेल तेवढं, वर थोडंसं. जास्त आवळलं की गळतं." टाकी भरली, खाली वर्तमानपत्रं पसरली. तीन दिवस थांबायचं होतं.

तीन दिवस शरोफत ओपाने बैठकीत केरसुणी येऊ दिली नाही. टाकीवर धूळ बसली. शेजारीण म्हणाली, "ओपा, तुमच्याकडे आणि धूळ?" ओपा म्हणाली, "असू दे. हात लावशील तर बघ."

चौथ्या दिवशी उस्तांनी वर्तमानपत्राचं पान नि पान उचलून गालाला लावून पाहिलं. कोरडं होतं. एका कोपऱ्यात मात्र ओला डाग. सगळे वाकून पाहू लागले. उस्तांनी तो हुंगला आणि तोशपुलातकडे पाहिलं.

"चहा आहे," ते म्हणाले.

"पियाला नाचला माझा," तोशपुलात म्हणाला.

मासे टाकीत सोडले. पांढऱ्या शेपटीचा आधी गेला, काचेला तोंड लावून पाच फुल्यांपैकी एका फुलीसमोर थांबला; फुली काचेच्या बाहेरच्या अंगाला होती. सय्योरा फडकं घेऊन उभी होती. तिने सासूकडे पाहिलं. सासूने उस्तांकडे.

उस्ता बूट घालत होते. "आता पुसलं तरी चालेल," ते म्हणाले.

पण फडकं कुणी पुढे नेलं नाही.